खाडीत गेल्यावर आउटबोर्डची बॅटरी बसली तर? दुसरी बॅटरी, जंप स्टार्टर की दोरी?

नेरूळचा_गळवाला

नमस्कार मंडळी. नवी मुंबईतल्या दिवाळे गावात आमची एक फायबरची अठरा फुटी बोट असते, मी आणि माझा मेव्हणा दोघांनी मिळून घेतलेली, सेकंडहँड. मागे बाहेरून लावलेलं ४० एचपीचं फोर-स्ट्रोक इंजिन म्हणजे आउटबोर्ड, सेल्फ स्टार्ट, आणि सगळ्या बोटीला मिळून एकच १२ व्होल्टची ६० अँपिअर-अवरची बॅटरी. रविवारी पहाटे निघतो, अटल सेतूच्या खालून घारापुरीच्या अंगाला जातो, नांगर टाकतो, इंजिन बंद आणि गळ टाकून बसतो. तीन-चार तास. तेवढा वेळ फिशफाइंडर (पाण्याखालचे मासे दाखवणारा स्क्रीन) चालू, जीपीएस चालू, मेव्हण्याची गाणी चालू, मासे जिवंत ठेवायच्या टाकीचा पंप चालू आणि वरून दोघांचे मोबाईल चार्जिंगला.

आत्तापर्यंत दरवेळी सेल्फ मारला की इंजिन उठलंय. पण गेल्या महिन्यापासून सेल्फ जरा जड फिरतोय असं वाटतं आणि तेव्हापासून हे डोक्यातून जात नाहीये की तिकडे मध्येच बॅटरी बसली तर करायचं काय. गाडी असती तर ढकलून चालू केली असती.

मेव्हणा म्हणतो ऑनलाइन तो छोटा जंप स्टार्टर मिळतो, बसलेल्या बॅटरीला जोडून इंजिन उठवायचा, तो घेऊन टाकू, विषय संपला. माझं म्हणणं सरळ दुसरी बॅटरी बसवावी. जेट्टीवरचे एक काका म्हणाले काही नको, डोक्यावर गुंडाळायची दोरी ठेवा, पूर्वी कुठे होत्या बॅटऱ्या. डोक्यावर म्हणजे इंजिनाच्या :) तर ज्यांनी प्रत्यक्षात केलंय त्यांनी सांगा, काय ठेवावं आणि कुठल्या क्रमाने. बजेट दहा-बारा हजार.

सारसोळेकर_नाखवा

काकांचं ऐका, पण दोरीच्याही आधी नांगर. बॅटरी गेली की माणूस पहिला इंजिनाकडं धावतो, झाकण काढतो, इकडं ठोक तिकडं ठोक, आणि तोवर बोट कुठच्या कुठं गेली ते कोणी बघतच नाय. तुम्ही म्हणता तिथं ओहोटी लागली की पाणी बाहेर ओढतं, आणि घारापुरीच्या दक्षिणेला न्हावा-शेव्याला जाणाऱ्या मोठ्या जहाजांचा रस्ता आहे, त्यांना तुम्ही दिसलात तरी ती थांबू शकत नायत. भरती असली तर उलटं, आत सेतूच्या खांबांकडं. म्हणून आमच्यात नियमच, इंजिन सुरू होऊन नीट चालायला लागल्याशिवाय नांगर उचलायचा नाय. बरेच शहाणे आधी नांगर वर घेतात, दोरी गुंडाळून नीट ठेवतात, मग आरामात सेल्फ मारतात. तेव्हा नाय उठलं तर?

नांगर पुढं, हाताशी, दोरी मोकळी. शीतपेटी आणि जाळ्याच्या खाली दाबून ठेवलेला नांगर असून नसल्यासारखा. दोरी पाण्याच्या खोलीच्या पाचपट तरी सोडा. उधाणाला आपल्याकडं पाणी चार-साडेचार मीटर वरखाली होतं, ओहोटीच्या खोलीला मोजून सोडलेली दोरी भरतीला अपुरी पडते आणि नांगर फरफटत येतो.

भरतीची वेळ माहीत पायजे. ॲप आहे, नसलं तर आपला जुना हिशोब, तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती, अष्टमीला सहा, पुनव-अवसेला बाराच्या आगंमागं, तिथून सहा तासांनी ओहोटी. वर ठाण्याकडं त्याला अजून थोडा उशीर. हे माहीत असलं तर इंजिन बंद पडल्यावर पाणी तुम्हाला कुठं नेणार ते बसल्या जागी कळतं.

दोन वल्ही ठेवा. ओहोटीच्या विरुद्ध वल्हवत घरी येणार नाय तुम्ही, पण खांबापासनं लांब राहायला आणि मदतीला आलेल्या बोटीच्या जवळ सरकायला लागतात. आणि ओढून न्यायला जाड दोर, वीस-पंचवीस मीटर, नांगराचा वेगळा आणि हा वेगळा.

आमच्या छोट्या डिझेलला हँडल असतं. डिकॉम्प्रेशनचा, म्हणजे इंजिनातला दाब सोडायचा लिव्हर उचलायचा, हँडल फिरवून वेग पकडला की लिव्हर सोडायचा, उठलंच. बॅटरीच नाय तर ती मरणार कशी.

सीवूड्सचा_ईटीओ

नाखवांनी लिहिलंय ते आधी दोनदा वाचा, मग माझं वाचा. मी जहाजावर इलेक्ट्रिकल बघायचो, आता घरी बसलोय, त्यामुळे जरा लांबण लागेल.

पहिली गोष्ट, इंजिन उठलं नाही म्हणजे बॅटरी मेली असं नाही. किल स्विचची लाल दोरी (ती निघाली की इंजिन बंद होतं) निघालीये का बघा, कोणाचा तरी पाय अडकून ती निघते आणि कोणाला पत्ता नसतो. गिअर न्यूट्रलला आहे का बघा, जरासा सरकलेला असला तरी सेल्फ लागत नाही. मेन स्विच, मग टर्मिनल. हे बघायला दोन मिनिटं लागतात.

दुसरं, एखादा दिवा चालू ठेवून सेल्फ मारा आणि दिव्याकडे बघा. दिवा मंद होऊन सेल्फ जड फिरला तर बॅटरी उतरलीये. दिवा एकदम गेला आणि सेल्फ सोडल्यावर परत आला तर बहुतेक टर्मिनल ढिलं किंवा गंजलेलं. दिवा होता तसाच जळतोय आणि सेल्फ ढिम्म, तर बॅटरीला शिव्या देऊ नका, दोष सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा रिले), न्यूट्रल स्विच किंवा वायरिंगमध्ये आहे आणि तिथे दहा हजाराचा जंप स्टार्टर लावलात तरी काही होणार नाही. टक-टक-टक-टक असा भराभर आवाज आला तर व्होल्टेज कमी पडतंय.

आता तुमच्या जड सेल्फबद्दल. तुमचा लोड अंदाजे बघू, फिशफाइंडर आणि जीपीएस मिळून एक अँपिअर, गाणी दोन, पंप तीन. झाले सहा. चार तासांत चोवीस अँपिअर-अवर गेले. सेल्फ मारायला दीडशे अँपिअर लागतात असं धरलं तरी तीन सेकंदांचंच काम आहे, पाव अँपिअर-अवरसुद्धा होत नाही, म्हणजे बॅटरी इंजिन नाही खात, गाणी आणि पंप खातात. आता परत भरलं किती जातं? या साइजच्या आउटबोर्डचा अल्टरनेटर पूर्ण रेसवर पंधरा-सोळा अँपिअरच्या आसपास देतो, हळू चालवलं तर त्याच्या निम्माही नाही. जायला अर्धा तास, यायला अर्धा तास, फार तर दहा-बारा अँपिअर-अवर आत गेले. म्हणजे दर रविवारी तुम्ही दहा-बारा घालवताय. आठवड्यात घरी चार्जिंगला लावत नसाल तर महिन्याभरात साठची बॅटरी रिकामी होत आली, आणि सेल्फ जड झालाय तो तेव्हापासूनच ना?

काम सांगतो. पाचशेच्या आतला साधा मल्टिमीटर घ्या. बॅटरी घरी नेऊन पूर्ण चार्ज करा, काढून रात्रभर तशीच ठेवा, सकाळी व्होल्टेज घ्या. १२.६-१२.७ आलं तर भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ म्हणजे जवळपास संपली. मग बोटीवर लावून, दुसरा माणूस सेल्फ मारताना बघा किती खाली जातंय. साडेनऊ-दहाच्या खाली जायला नको. हे रीडिंग दोनदा घ्या, एकदा मीटरच्या सुया थेट बॅटरीच्या शिशाच्या खांबांवर टेकवून, एकदा त्यावर बसलेल्या क्लॅम्पवर. दोन्हीत फरक आला तर तो मधल्या गंजात जातोय. आकडे इथे टाका.

मेव्हण्याच्या_बाजूने

एवढं शिकून इंजिन चालू करायचं असेल तर मग मासे कधी पकडायचे. जंप स्टार्टर घ्या हो, लाल लालला काळा काळ्याला, चालू. माझ्या गाडीत आहे, मस्त चालतो.

सीवूड्सचा_ईटीओ

@मेव्हण्याच्या_बाजूने गाडीत छान आहे, बोटीवरही वाईट नाही, मी नको म्हणतच नाहीये. पण तो घेऊन पेटीत टाकला की लोकं विसरतात. तीन महिन्यांनी लागतो तेव्हा त्याचीच चार्जिंग संपलेली. आणि लिथियम आहे, मे महिन्यात फायबरच्या बंद पेटीत दुपारचं तापमान काय होतं ते हात घालून बघा, तिथे ठेवायची वस्तू नाही ती. जाताना घरून न्यायचा, कोरड्या पिशवीत, सावलीत, येताना परत घरी. बॅटरी अगदीच शून्याला टेकली असेल तर काही जंप स्टार्टरना ती बॅटरी आहे हेच कळत नाही, ते दिवा लावत नाहीत आणि करंटही सोडत नाहीत, मग त्यावर वेगळं बटण असतं ते दाबून जबरदस्तीने सोडावा लागतो. ते बटण कुठे आहे ते घरीच बघून ठेवा. बटण दाबल्यावर उलट्या जोडणीचं संरक्षणही बऱ्याचदा बंद होतं, तेव्हा लाल-काळा दोनदा तपासा.

ऐरोलीची_पक्षीवेडी

मी बोट चालवत नाही, बसणारी आहे. फ्लेमिंगो बघायला ठाणे खाडीत जाते दरवर्षी, तर बसणाऱ्यांच्या बाजूने दोन गोष्टी.

एक म्हणजे मोबाईल बोटीच्या बॅटरीवर चार्ज करत असाल आणि तीच बॅटरी बसली तर मोबाईलही तिच्यावरच अवलंबून. पॉवर बँक वेगळी ठेवा, मोबाईल प्लास्टिकच्या झिपच्या पिशवीत. तटरक्षक दलाचा १५५४, सागरी सुरक्षेचा १०९३, नाहीतर ११२, हे नंबर सेव्ह करून ठेवा आणि जाताना काठावरच्या कोणाला तरी सांगून जा की कुठे चाललो, कितीला येणार. लोकेशन पाठवून ठेवलं तर अजून बरं.

दुसरं चिखलाचं. आमच्याकडे वाशी-ऐरोलीच्या बाजूला ओहोटीला दोन्हीकडे चिखल उघडा पडतो, फ्लेमिंगो येतात ते त्याच चिखलातलं खायला, २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली ना ही जागा. पाहायला छान, पण बोट तिथे बसली तर खाली उतरून ढकलायचा विचार कोणी करू नका, पाय मांडीपर्यंत जातो आणि मग निघत नाही. बोटीतच बसायचं भरती येईपर्यंत. म्हणून पाणी आणि टोपी जास्तीची ठेवा, लाइफ जॅकेट पेटीत नाही, अंगावर.

आणि एक प्रश्न. आमच्यासारख्या बसणाऱ्यांनी निघायच्या आधी काय बघावं, म्हणजे बॅटरीचं वगैरे?

वागळे_ऑटोइलेक्ट्रिक

@पक्षीवेडी ताई, नांगर दिसतोय का, वल्ही आहेत का आणि जॅकेट सगळ्यांना पुरतायत का एवढं बघा. बॅटरीचं विचारायचं तर दोन आहेत की एक एवढंच विचारा, उत्तर देताना चेहरा बघा.

@गळवाला, माझं दुकान ठाण्याला आहे, गाड्यांचं करतो पण बोटवाले येतात अधूनमधून. दुसरी बॅटरी बसवा हे माझं मत, पण कुठली ते आधी ऐका. घरच्या इन्व्हर्टरची जुनी ट्युब्युलर पडली आहे ती लावतो असं दहातले चार जण म्हणतात. ती सेल्फला लावू नका. तिच्या प्लेटा जाड असतात, हळूहळू खूप वेळ देण्यासाठी, सेल्फला एका दमात मोठा करंट लागतो तिथे ती मार खाते, शिवाय वजन बघा केवढं, उभी राहते ती बोटीत आणि हेलकाव्याला ॲसिड सांडतं. सेल्फला स्टार्टिंगचीच बॅटरी, पातळ प्लेटांची, बंद मेंटेनन्स-फ्री असेल तर उत्तम. गाणी-पंप-फिशफाइंडर दुसऱ्यावर, तिथे डीप सायकलची, म्हणजे हळूहळू खूप वेळ देणारी, चालेल.

मध्ये चार पोझिशनचा स्विच बसवायचा, एक, दोन, बोथ आणि ऑफ. निघताना एकवर, नांगर टाकला की दोनवर, परत सेल्फ मारायच्या आधी एकवर. दोन उतरली तरी एक भरलेली. पण यात माणूस लागतो लक्षात ठेवणारा, आणि येताना मासे मिळाले असतील तर कोणाच्या लक्षात राहत नाही. म्हणून बरेच जण व्हीएसआर, म्हणजे व्होल्टेज बघून जोडणारा-तोडणारा रिले लावतात, तो आपोआप बघतो, इंजिन चालू होऊन स्टार्टिंग बॅटरी साडेतेराच्या आसपास पोचली की दुसरीला जोडतो, इंजिन बंद होऊन व्होल्टेज पडलं की तोडतो. मग गाणी कितीही वाजवा, सेल्फच्या बॅटरीला हात लागत नाही.

एक लक्षात ठेवा, इंजिन चालू असताना तो स्विच ऑफवर न्यायचा नाही, ऑफवरून नेऊन परत आणायचाही नाही. अल्टरनेटरचा करंट जायला जागा उरत नाही आणि डायोड जातात. दुरुस्ती बॅटरीपेक्षा महाग.

नेरूळचा_गळवाला

सगळ्यांचे आभार, नाखवा तिथीचं माहीत होतं आजोबांकडून, विसरलो होतो.

@ईटीओ, आकडे आणलेत. घरी रात्रभर चार्ज केली, मग रात्रभर तशीच ठेवली, सकाळी १२.४. बोटीवर मेव्हणा सेल्फ मारत होता मी मीटर धरून, खांबांवर ९.७ आणि क्लॅम्पवर ८.८. मायनसच्या खांबाला पांढरं-हिरवं धरलंय बऱ्यापैकी, आणि नट विंगचा आहे, हाताने फिरवला तर अर्धा आटा फिरला. बॅटरीवरची तारीख खोडलेली आहे, बोट घेतली तेव्हाचीच आहे ही.

सीवूड्सचा_ईटीओ

बघा, जवळजवळ एक व्होल्ट नुसता क्लॅम्पमध्ये जातोय. दोन दुखणी आहेत आणि तुम्ही एकच समजत होतात.

आधी साफ करा. मायनस आधी काढायचा आणि लावताना शेवटी लावायचा, म्हणजे पाना चुकून कुठे टेकला तरी स्पार्क होत नाही. खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने घासा, फेस येईल, फेस थांबेपर्यंत. सोड्याचं पाणी सेलच्या झाकणातून आत जाता कामा नये. साध्या पाण्याने धुवा, पुसा, खांब आणि क्लॅम्पची आतली बाजू सँडपेपरने चकचकीत करा, घट्ट बसवा आणि मग वरून व्हॅसलीन. आधी व्हॅसलीन लावून मग क्लॅम्प बसवू नका. आणि तो विंग नट फेकून द्या, हेलकाव्यांनी आणि इंजिनच्या थरथरीने तो सुटणारच, तिथे नायलॉन रिंगचा लॉक नट आणि पान्याने आवळलेला. केबलच्या टोकाचं रबर जरा मागे सारून बघा तांबं काळं पडलंय का. खाऱ्या हवेत गंज वायरच्या आतून चढतो, बाहेरून वायर नवी दिसते. काळं असेल तर तेवढा तुकडा कापून टोकाला नवीन लग, म्हणजे धातूची कडी.

पूर्ण चार्ज करून १२.४ म्हणजे बॅटरी म्हातारी झालीये. मरेल आज असं नाही पण तिच्या जिवावर घारापुरीला जाऊ नका. झाकणं उघडणारी असेल तर पाणी बघा, उन्हाळ्यात प्लेटा उघड्या पडतात, तिथे डिस्टिल्ड वॉटरच घाला, नळाचं नाही. कुठल्याही बॅटरीवाल्याकडे लोड टेस्टर, म्हणजे लोड टाकून बॅटरी तपासायचं यंत्र असतं, दाखवून घ्या.

सारसोळेकर_नाखवा

साफ करून दोरीची पण प्रॅक्टिस करा एकदा जेट्टीला बांधून. झाकणाच्या आत नायतर टूल किटमध्ये दोरी असते, नसली तर हार्डवेअरमधनं चांगली घ्या, एका टोकाला गाठ, दुसऱ्याला लाकडी मूठ.

नेरूळचा_गळवाला

आहे, किटमध्ये दोरी आहे, प्लास्टिक अजून फाडलेलं नाही. पण ४० फोर-स्ट्रोक दोरीने उठतं का? मेव्हणा म्हणतो खांदा निखळेल.

सीवूड्सचा_ईटीओ

उठतं, पण सगळी नाही. जुनी टू-स्ट्रोक, कार्ब्युरेटरवाली, त्यांना दोरी म्हणजे रोजचं काम, बऱ्याच मच्छीमारांची ४० ची इंजिनं तशीच येतात, सेल्फ नसतोच. तुमचं फ्युएल इंजेक्शनचं असेल तर कॉम्प्युटरला आणि पेट्रोल पंपाला जागं व्हायला थोडं व्होल्टेज लागतं. बॅटरी सेल्फ फिरवू शकत नाही पण दहा-अकरा व्होल्ट शिल्लक आहेत, तर दोरीने उठू शकतं. अगदी शून्य असेल तर दिवसभर ओढलंत तरी उठणार नाही. काही कंपन्यांची बॅटरीशिवाय उठणारी इंजेक्शनची इंजिनं आहेत, तुमचं कुठलं ते मॅन्युअलमध्ये बघा. म्हणून सेल्फ जड फिरायला लागला की घर्र घर्र करत बॅटरी पार पिळून काढू नका. तीन-चारदा झालं की थांबा आणि उरलेलं दोरीसाठी ठेवा.

पद्धत अशी, गिअर न्यूट्रल, किल स्विच लावलेला, चावी ऑनला, मागे कोणी उभं नाही. वरचं झाकण काढा, फ्लायव्हीलवरचं (इंजिनाच्या डोक्यावरचं मोठं चाक) कव्हर काढा, दोरीची गाठ खाचेत, बाणाच्या दिशेने दोन-तीन फेरे, आधी हळू ओढून दाब जाणवेपर्यंत आणा, मग एका दमात. दोरी हाताला गुंडाळायची नाही, मूठच धरायची. इंजिन उठलं की ते उघडं चाक फिरत राहणार, ओढणी, मफलर, जॅकेटचा पट्टा, लांब केस, सगळं लांब. फिरत्या चाकावर कव्हर परत बसवायचा प्रयत्न करायचा नाही, तसंच घरी या. आणि प्रॅक्टिस करताना बॅटरी काढून ठेवून इंजिन चालवू नका, काही इंजिनांचा रेग्युलेटर त्याने जातो.

अजून एक छोटी गोष्ट, बऱ्याचदा उपयोगी पडते. सेल्फ जड झाला की सगळं बंद करा, दिवा पंप गाणी सगळं, आणि पंधरा-वीस मिनिटं स्वस्थ बसा. लेड-ॲसिड बॅटरी विश्रांतीने थोडी सावरते, एक चांगला सेल्फ मिळू शकतो. तो एकच मिळणार हे धरून पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा (बल्ब) दाबून कडक करून ठेवा, सगळं तयार ठेवा, मग मारा.

मेव्हण्याच्या_बाजूने

दुसऱ्या बोटीवरून जंपर केबल टाकली तर? तिथे रविवारी अर्धी नवी मुंबई असते.

वागळे_ऑटोइलेक्ट्रिक

टाकता येते पण दोन भानगडी आहेत. मोठ्या मच्छीमार बोटी बऱ्याचदा २४ व्होल्टच्या असतात, दोन बॅटऱ्या ओळीने जोडलेल्या. त्यांच्या दोन टोकांवरून केबल घेतली तर तुमच्या १२ व्होल्टच्या बोटीत जे जे चालू असेल ते जळणार, इंजिनचा कॉम्प्युटर आधी. आधी विचारायचं, दादा किती व्होल्ट. २४ असेल तर दोनपैकी एकाच बॅटरीच्या प्लस-मायनसवरून घ्यायचं.

दुसरं म्हणजे दोन बोटी लाटांवर एकमेकींना धडकतायत, मध्ये लोंबणारी केबल, आणि शेजारी पेट्रोलची टाकी. त्यापेक्षा त्यांची १२ ची बॅटरीच उचलून तुमच्या बोटीत घ्या, चालू झाल्यावर परत द्या. केबल लावायचीच वेळ आली तर शेवटचं काळं टोक तुमच्या बॅटरीवर नाही, बॅटरीपासून लांब इंजिनच्या उघड्या धातूवर. उतरलेल्या बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, ठिणगी तिथे पडायला नको. केबल तरी चांगली घ्या, जाड प्लास्टिक बघून फसू नका, आत तांबं किती ते बघा, १६ स्क्वेअर एमएम कमीत कमी, २५ असेल तर छान.

नेरूळचा_गळवाला

अपडेट. साफ केलं, लॉक नट लावला, केबलचा चार इंच तुकडा कापावा लागला, आत काळाच होता. आता खांबांवर ९.६, क्लॅम्पवर ९.५. सेल्फचा आवाजच बदलला, मेव्हणा म्हणतो मग नवीन कशाला. एपीएमसीच्या ट्रक टर्मिनलजवळ लोड टेस्ट करून घेतली, तो म्हणाला एक सेल कमजोर आहे, पावसाळा काढणार नाही.

इंजिन इंजेक्शनचं निघालं आणि मॅन्युअलमध्ये दोरीचं पान आहे, पण बॅटरी पूर्ण डिस्चार्ज असेल तर चालणार नाही असंही लिहिलंय. दोरी ओढून बघितली, मला दुसऱ्या झटक्यात उठलं, मेव्हण्याला नाही उठलं, पुढचे दोन दिवस तो बोलत नव्हता.

तर ठरलं असं. नवीन स्टार्टिंग बॅटरी सेल्फला, स्विच आणि व्हीएसआर, जुनी सध्या गाणी-पंपाला, ती गेली की बघू. जंप स्टार्टर दिवाळीला, मेव्हण्याच्या पैशाने. ही कॉम्बिनेशन ठीक आहे का?

सीवूड्सचा_ईटीओ

कमजोर सेलची बॅटरी व्हीएसआरमधून नवीशी जोडू नका. चालत्या इंजिनात ती सगळं चार्जिंग खात बसेल आणि नवीला मिळणार नाही. गाण्यांसाठी ती वेगळीच ठेवा, दर रविवारी घरी चार्ज करून न्या, नवीशी वायर जोडायचीच नाही. पैसे जमले की डीप सायकल घ्या, तेव्हा व्हीएसआर लावा. सध्या व्हीएसआरचे पैसे वाचले त्यात जंप स्टार्टर दिवाळीच्या आधीच येईल. खरं तर दोन बॅटऱ्या असल्यावर तो तिसरा नंबर आहे, पण मेव्हणा बोलायला तरी लागेल.

पावसाळ्यात बोट वर काढाल तेव्हा दोन्ही घरी न्या, महिन्यातून एकदा पूर्ण चार्ज. नुसती पडून राहिली तरी उतरते, गरमीत जास्तच, आणि उतरलेल्या अवस्थेत चार महिने राहिली की आतल्या प्लेटांवर सल्फेट धरतं, मग ती नारळी पौर्णिमेनंतर उठत नाही.

नेरूळचा_गळवाला

ओके म्हणजे आत्ता स्टार्टिंगची नवी आणि जुनी पूर्ण वेगळी, पंप-गाणी-फिशफाइंडरच्या वायरी जुनीवर हलवायच्या. जागा मागच्या सीटखाली आहे, पेट्रोलची टाकी त्याच्याच शेजारी. चालेल का?

वागळे_ऑटोइलेक्ट्रिक

टाकीशेजारी नको, दुसऱ्या बाजूच्या सीटखाली न्या, झाकणाला हवा जायला भोकं ठेवा. प्लास्टिकचा बॅटरी बॉक्स आणि वरून पट्टा, इतका घट्ट की हाताने हलवली तर हलली नाही पाहिजे, प्लसच्या टर्मिनलवर रबरी टोपी. वजन दोन्ही बाजूंना वाटलं जाईल तेही बरं.

आणि पुढे स्विच बसवाल तेव्हा सांगतो, आत्ताच लिहून ठेवा, दोन्ही बॅटऱ्यांचे मायनस एकमेकांना जाड केबलने जोडायचे, सेल्फला वापरतो तेवढ्याच जाडीच्या. लोकं प्लसच्या बाजूला सगळं व्यवस्थित करतात आणि हे राहून जातं, मग स्विच बोथवर टाकूनही सेल्फ हलत नाही आणि माझ्याकडे येतात की स्विच खराब दिलास.

सारसोळेकर_नाखवा

वायरिंग झालं की पहिल्या रविवारी घारापुरी नको. करावे-सारसोळेच्या समोरच नांगर टाका, इंजिन बंद करा, चार तास गाणी वाजवा आणि मग सेल्फ मारून बघा. नाय उठलं तर हाक मारा, आम्ही तिथंच असतो.